चॅनेल बफेलोचं, जाहिराती टोरांटोच्या: कॅनडातलं 'सिमसब' नेमकं काय असतं?

मुसळधार (धागाकर्ता)

टोरांटो भागात केबलवर सीमेपलीकडच्या अमेरिकन बफेलो शहराचं ४ नंबरचं डब्ल्यूआयव्हीबी, म्हणजे सीबीएस या अमेरिकन नेटवर्कचं स्टेशन, लावलं की संध्याकाळी ८ च्या मालिकेत कोपऱ्यात लोगो ग्लोबल या कॅनडाच्या वाहिनीचा आणि जाहिराती कॅनडातल्या बँकांच्या, फर्निचरवाल्यांच्या. ९ वाजले की पुन्हा अमेरिकन वकील आणि औषधांच्या जाहिराती सुरू. सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या दिवशी तर तक्रारींचा पाऊस.

विचारायचंय ते असं. नियम काय आहे, कोण बदलतं आणि कसं, कार्यक्रमाचा शेवट मधूनच का कापला जातो, आणि हे टाळता येतं का? 'सगळा पैशाचा खेळ आहे' एवढं कळलंय, त्यापुढचं लिहा. जाणकारांनी हात आखडता घेऊ नये.

नियमावली

याचं लांबलचक नाव सायमल्टेनियस सब्स्टिट्यूशन, धंद्यातली मंडळी 'सिमसब' म्हणतात. सीआरटीसी हे तिथलं प्रसारणाचं नियामक मंडळ. त्यांनी १९७२ पासून हे लागू केलं. एकच कार्यक्रम एकाच वेळी अमेरिकन स्टेशनवर आणि कॅनडातल्या स्थानिक स्टेशनवर लागत असेल आणि कॅनडाच्या स्टेशनने तशी मागणी केली असेल, तर केबल, सॅटेलाइट किंवा आयपीटीव्ही (इंटरनेटच्या तारेवरून टीव्ही देणाऱ्या) कंपनीने, म्हणजे वितरकाने, अमेरिकन चॅनेलच्या जागी कॅनडाच्या स्टेशनचा सिग्नल दाखवायचा.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा: फक्त जाहिराती बदलत नाहीत, अख्खा सिग्नल बदलतो. चित्र, आवाज, सबटायटल, लोगो, खालून सरकणारी हवामानाची पट्टी, सगळं. ४ नंबरवर त्या तासाभरात तुम्ही डब्ल्यूआयव्हीबी बघतच नसता. निम्म्या तक्रारी इथेच उगम पावतात.

सध्याची नियमावली २०१५ ची आहे. त्यातल्या कामाच्या गोष्टी:

मागणी लेखी आणि प्रसारणाच्या किमान ४ दिवस आधी जायला हवी. वितरक त्याहून कमी मुदतीत तयार झाला तर ती त्याची मर्जी.

दोन्हीकडचा कार्यक्रम किमान ९५ टक्के सारखा हवा. जाहिराती आणि पडद्यावर वरून टाकलेल्या पट्ट्या यात मोजत नाहीत. तासाच्या मालिकेत जाहिराती वगळून साधारण ४२ मिनिटं उरतात, त्याचे ५ टक्के म्हणजे जेमतेम २ मिनिटं. एखादं दृश्य कापलं तर चालेल, पुरस्कार सोहळ्याला स्वतःची वेगळी प्रस्तावना जोडली तर अडचण.

कॅनडाच्या सिग्नलचा दर्जा अमेरिकन सिग्नलइतका किंवा त्याहून चांगला हवा. एचडीच्या जागी साधा सिग्नल चालत नाही.

आणि मागणी फक्त हवेतून प्रसारण करणाऱ्या स्टेशनला करता येते: सीटीव्ही, ग्लोबल, सिटीटीव्ही वगैरे. टीएसएनसारख्या केवळ केबलवरच्या वाहिनीला हा हक्क नाही.

खवचट_काकू

थोडक्यात, लग्न एकाच्या मांडवात आणि आहेर दुसऱ्याच्या घरी.

नियमावली

काकू, उलटं आहे. आहेर ज्याने हॉलचं भाडं भरलं त्याच्याकडेच जावा म्हणून तर हा नियम. ग्लोबलने त्या मालिकेचे कॅनडापुरते हक्क पैसे मोजून घेतलेले असतात. पण सीमेपलीकडचा सिग्नल केबलवरून त्याच घरात पोचतो, प्रेक्षक दोन चॅनेलांत वाटला जातो, आणि जाहिरातदार ग्लोबलला म्हणतो की तुमचा प्रेक्षक निम्मा, दर निम्मा करा. सिमसबने ४ नंबर लावलेला प्रेक्षकही ग्लोबलच्या खात्यात जमा होतो. २०१५ च्या सुमारास सीआरटीसीसमोर जो अंदाज होता त्यानुसार कॅनडाच्या स्टेशनांना यातून वर्षाला सुमारे २५ कोटी डॉलर मिळत.

दक्षिणायन

मुळात हे का सुचलं ते बघायला ७० च्या दशकात जावं लागतं. कॅनडाची बहुतेक वस्ती सीमेला खेटून. त्यामुळे काही अमेरिकन स्टेशनं नावाला अमेरिकेत, पण डोळा कॅनडाच्या बाजारावर. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमचं केव्हीओएस व्हँकुव्हरवर जगायचं. नॉर्थ डकोटातल्या पेंबिना या चिमुकल्या गावचं केसीएनडी विनिपेगकडे तोंड करून उभं होतं. हे केसीएनडी पुढे इझी ॲस्पर यांच्या गटाने विकत घेतलं, बाडबिस्तरा सीमेपलीकडे विनिपेगला हलवला आणि १९७५ मध्ये सीकेएनडी म्हणून सुरू केलं. कॅनवेस्ट ही माध्यम कंपनी आणि पुढे ग्लोबलचं साम्राज्य उभं राहिलं त्याची सुरुवात या एका स्टेशनापासून.

सिमसबच्या जोडीला त्या काळात आणखी दोन औषधं देऊन पाहिली. एक होतं जाहिराती सरळ पुसून टाकण्याचं. सीआरटीसीच्या परवानगीने टोरांटोत रॉजर्सच्या केबलवर बफेलोच्या स्टेशनांच्या जाहिराती काढून तिथे सार्वजनिक संदेश टाकले जात. बफेलोवाले कोर्टात गेले, प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. केबलवर केंद्राचाच अधिकार आहे आणि सीआरटीसी हे करू शकतं, असा निकाल लागला. पण अमेरिकेशी संबंध इतके ताणले गेले की हा प्रकार पुढे रेटला नाही.

दुसरं औषध प्राप्तिकराचं, १९७६ चं, आणि ते अजून चालू आहे. कॅनडाच्या बाजारासाठीची जाहिरात अमेरिकन स्टेशनवर दिली तर तो खर्च कॅनडातल्या कंपनीला करातून वजा करता येत नाही. अमेरिकेने १९८४ मध्ये हुबेहूब उलटा कायदा करून परतफेड केली.

तेव्हा मुसळधार, सिमसब म्हणजे या सगळ्यात त्यातल्या त्यात सौम्य उपाय. अमेरिकन स्टेशनला बंद केलं नाही, त्याच्या जाहिराती पुसल्या नाहीत, फक्त त्या तासापुरतं बाजूला सरकवलं.

सव्वासात

सौम्य आहे हे मान्य, पण स्टेशनांची सवय त्यानेच बिघडवली, हेही लिहा. सिमसब फक्त 'एकाच वेळी' लागणाऱ्या कार्यक्रमाला मिळतं. म्हणजे सीबीएसने मालिका गुरुवारी ८ ला ठेवली की कॅनडाच्या स्टेशननेही गुरुवारी ८ लाच ठेवायची. सीबीएसने ती मंगळवारी १० ला हलवली की इथेही हलणार, आणि त्या जागी बसलेली कॅनडाची मालिका उठून शनिवारच्या अडगळीत. नियम कॅनडाच्या प्रसारणाला वाचवण्यासाठी, आणि ८ ते ११ चं वेळापत्रक ठरतं न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसच्या मीटिंगमध्ये. २५ कोटींची ही किंमत कुणी हिशोबात धरत नाही.

वेळेच्या पट्ट्यांमुळे तर आणखी मजा. टोरांटो आणि बफेलो यांचं घड्याळ एकच, म्हणून तिथे सगळं सरळ. हॅलिफॅक्समध्ये न्यूयॉर्कचे ८ म्हणजे ९, न्यूफाउंडलंडमध्ये साडेनऊ. तिथे मुख्य वेळेचा शेवटचा कार्यक्रम मध्यरात्रीपलीकडे घसरतो. अल्बर्टात स्पोकॅनची अमेरिकन स्टेशनं दिसत. स्पोकॅनचे ८ म्हणजे कॅलगरीचे ९. कॅलगरीच्या स्टेशनला सिमसब हवं तर मालिका ९ ला लावायची, ८ ला लावली तर हक्क हुकला.

मुसळधार

झकास माहिती. पण शेवट कापला जातो त्याचं काय? रविवारी फार होतं.

तांब्याची_तार

बदल कसा होतो ते कळलं की हे आपोआप कळेल.

केबल कंपनीच्या हेडएंडला, म्हणजे जिथे सगळे सिग्नल गोळा होतात तिथे, एक स्विचर असतो. त्यात वेळापत्रक भरलेलं असतं: गुरुवार, २०:०० ते २१:००, डब्ल्यूआयव्हीबीच्या जागी ग्लोबल. वेळ झाली की तो बदलतो, वेळ संपली की परत आणतो. हे घड्याळावर चालतं, कार्यक्रमावर नाही. शिवाय दोन सिग्नल वेगवेगळ्या मार्गांनी येतात म्हणून त्यांच्यात काही सेकंदांचा फरक असतो. त्यामुळे ८ च्या ठोक्याला एखादं वाक्य दोनदा ऐकू येतं किंवा अर्धी जाहिरात गायब होते. हा बिघाड नव्हे, एवढं चालायचंच.

सॅटेलाइटवर गंमत वेगळी. एकच किरण अर्ध्या खंडावर पडतो, तो शहरागणिक बदलता येत नाही. म्हणून तिथे सेटटॉप बॉक्सलाच निरोप जातो की या घरात या तासापुरता या क्रमांकावर तो दुसरा प्रवाह दाखव. पडद्यावर क्रमांक आणि नाव जुनंच राहतं.

आता रविवार. समजा सीबीएसवर ४:२५ ला सुरू झालेला फुटबॉलचा सामना ७ ऐवजी ७:२२ ला संपला. सीबीएस पुढचं सगळं २२ मिनिटांनी ढकलतं. ७ चा बातम्यांचा कार्यक्रम ७:२२ ते ८:२२, ८ ची मालिका ८:२२ ते ९:२२. कॅनडाच्या स्टेशनने एक तर आपलं वेळापत्रकही तितकंच ढकलायचं आणि वितरकाला नवी वेळ कळवायची, नाहीतर मागणी मागे घ्यायची. ते वेळेत झालं नाही की स्विचर बिचारा ८:०० ला आपलं काम करतो. बातम्यांच्या कार्यक्रमाची शेवटची २२ मिनिटं गेली. ९:०० ला तो परत डब्ल्यूआयव्हीबी आणतो, तिथे मालिका ३८ व्या मिनिटाला पोचलेली. म्हणजे तुम्ही नुकताच बघितलेला शेवट पुन्हा बघायचा, आणि ९ च्या कार्यक्रमाची सुरुवात कधी झाली याचा पत्ता नाही.

थेट कार्यक्रमांना यासाठीच माणूस बसवावा लागतो. स्टेशनचा माणूस आणि वितरकाचा माणूस फोनवर, सोहळा संपला की 'सोडा' म्हणायचं. जिथे हा माणूस वाचवला जातो तिथे ऑस्करचं शेवटचं भाषण कापलं जातं.

रेकॉर्डिंग लावणाऱ्यांसाठी: बफेलोच्या क्रमांकावर लावू नका, थेट कॅनडाच्या स्टेशनवर लावा. सिमसबच्या तासाला चित्र तेच मिळणार, आणि निदान मागेपुढे उडी मारणारा स्विच मधे येणार नाही. रविवारी सामन्याच्या मोसमात शेवटी निदान ६० मिनिटं जादा ठेवा.

खवचट_काकू

बातम्यांच्या कार्यक्रमाचा शेवट गेला आणि मालिकेचा शेवट दोनदा मिळाला. सरासरी बरोबर जमली की.

मुसळधार

सुपर बोलबद्दल नियमावली यांनी लिहावं. मधे तीन वर्षं अमेरिकन जाहिराती दिसत होत्या ना?

नियमावली

हो, २०१७, २०१८ आणि २०१९. क्रमाने सांगतो.

२०१५ च्या जानेवारीत सीआरटीसीने ठरवलं की सिमसब बाकी सगळीकडे राहील, फक्त सुपर बोलला नाही. युक्तिवाद असा की या सामन्याच्या जाहिराती हाच सोहळ्याचा भाग आहे, लोक त्या बघायलाच बसतात. आदेश २०१६ मध्ये निघाला आणि २०१७ च्या सामन्यापासून लागू झाला. हक्क बेल या कंपनीकडे होते, सामना तिच्या सीटीव्हीवर. पहिल्याच वर्षी कॅनडाच्या वाहिन्यांवरचा प्रेक्षक जवळपास ४० टक्क्यांनी घटला, कारण लोकांनी सरळ अमेरिकन फॉक्स लावलं.

बेल आणि एनएफएल (सुपर बोल भरवणारी अमेरिकन फुटबॉल लीग) दोघंही कोर्टात गेले. फेडरल अपील कोर्टात हरले. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ७ विरुद्ध २ मतांनी जिंकले. निकालाचा गाभा लक्षात घेण्यासारखा आहे, कारण लोक चुकीचा सांगतात. 'सुपर बोलला सिमसब हवंच' असं न्यायालय म्हणालं नाही. प्रसारण कायद्याच्या ज्या कलमाखाली, ९(१)(एच), आदेश काढला त्या कलमात वितरकांना अमुक वाहिनी अमुक अटींवर दाखवा असं सांगता येतं. एका सुट्या कार्यक्रमाबद्दल हुकूम काढता येत नाही. म्हणजे हत्यार चुकलं.

दुसरीकडे अमेरिका-मेक्सिको-कॅनडा व्यापार करारात अमेरिकेने हा आदेश मागे घ्या असं कलमच घालून घेतलं. त्यात पुढे असंही आहे की सिमसबच्या बाबतीत या कार्यक्रमाला अमेरिकेतून येणाऱ्या इतर कार्यक्रमांपेक्षा कमी चांगली वागणूक द्यायची नाही. करार जुलै २०२० पासून लागू झाला. त्यामुळे योग्य कलम शोधून पुन्हा तोच आदेश काढायची वाटही बंद. फेब्रुवारी २०२० च्या सामन्याला सिमसब परत आलं ते आजपर्यंत.

दक्षिणायन

यातला विरोधाभास बघा. १९७२ पासून अमेरिकन स्टेशनवाले सिमसबच्या नावाने खडे फोडत आले, आणि २०१८ ला अमेरिकन सरकारच ते टिकवायला करारात कलम घालतंय. कारण एनएफएल. कॅनडाचे हक्क चढ्या भावाने विकले जायचे तर घेणाऱ्याला प्रेक्षकाची खात्री हवी. सिमसब गेलं की हक्कांचा भाव पडतो, आणि तो पैसा अखेर अमेरिकेतच जात असतो.

खवचट_काकू

अवांतर: आपल्याकडे २००७ च्या कायद्याने क्रिकेटचा महत्त्वाचा सामना दूरदर्शनला द्यावा लागतो, तोही जाहिराती काढून. मग दूरदर्शन आपल्या जाहिराती टाकतं आणि टीव्हीवरच्या उत्पन्नात हक्कवाल्याचा वाटा किमान ७५ टक्के. तिथे निदान स्वच्छ सिग्नल हातात देतात, वरून पांघरूण घालत नाहीत.

पोटमाळा

टाळायचं कसं, यावर कुणीच लिहीना म्हणून.

नियम फक्त वितरकांना लागू आहे. छतावरच्या अँटेनाने बफेलोचा सिग्नल थेट पकडला तर त्यात कुणी हात घालत नाही, आणि ते पूर्ण कायदेशीर आहे. सुपर बोलच्या जाहिरातींसकट.

टोरांटोच्या मध्यापासून फॉक्सचं डब्ल्यूयूटीव्ही (२९.१) ग्रँड आयलंडवर, सरळ रेषेत सुमारे ८० किमी. एनबीसीचं डब्ल्यूजीआरझेड (२.१), सीबीएस (४.१) आणि एबीसीचं डब्ल्यूकेबीडब्ल्यू (७.१) यांचे मनोरे बफेलोच्याही दक्षिणेला टेकड्यांवर, सुमारे १२० ते १२५ किमी. चारही जवळपास एकाच दिशेला: टोरांटोतून साधारण १५० अंशांवर, मिसिसागा-ब्रॅम्प्टनकडून थोडं अधिक पूर्वेला, १४० च्या आसपास. २, ४, ७ हे आकडे बघून व्हीएचएफची लांब दांड्यांची अँटेना घेऊ नका. ते फक्त दाखवायचे आकडे, प्रत्यक्ष प्रसारण यूएचएफवर आहे.

अँटेना फुलपाखरासारख्या ४ किंवा ८ दांड्यांच्या जोड्यांची, मागे जाळी असलेली. ब्रॅम्प्टनला ८ चीच. ओंटारिओ तळ्याकडे मोकळी दिशा मिळाली तर काम सोपं, समोर इमारत असेल तर कितीही मोठी अँटेना लावा, उपयोग नाही. फ्लॅटमध्ये गॅलरी आग्नेयेला नसेल तर विषय संपला.

चुका होतात त्या या. आरजी-६ केबल ३० मीटर ओढली की ६०० मेगाहर्ट्झच्या आसपास ५-६ डीबी जातात, त्यात टू-वे स्प्लिटर आणखी साडेतीन खातो. म्हणून प्रीअँप, म्हणजे सिग्नल वाढवणारा डबा, खांबावर, अँटेनाच्या बुडाशी हवा. टीव्हीमागे लावला तर आधीच मेलेल्या सिग्नलसोबत गोंगाटही मोठा होतो. प्रीअँपला वीज देणारा इन्सर्टर घरात, आणि स्प्लिटर नेहमी इन्सर्टरच्या नंतर. मधे बसवला तर वीज वर पोचत नाही आणि मग 'अँप खराब निघाला' म्हणून दुकानात परत.

दुसरं, सीएन टॉवर, म्हणजे टोरांटोच्या स्टेशनांचा प्रसारण मनोरा. तो जवळ असेल तर त्याचे तगडे सिग्नल प्रीअँपला गुदमरवतात आणि बफेलो गायब होतं. अशा वेळी अँप कमी क्षमतेचा लावायचा, लोक उलट मोठा आणतात.

डिजिटल सिग्नल मुंग्या दाखवत नाही. एक तर स्वच्छ, नाहीतर काळा पडदा. उन्हाळ्यात तळ्यावरच्या हवेने रात्री छप्पर फाडून सिग्नल येतो आणि दुपारी रुसतो. तेव्हा जुलैत जमलं म्हणून फेब्रुवारीत जमेल हे धरून चालू नका. सामन्याच्या आठवडाभर आधी, संध्याकाळी त्याच वेळेला तपासा. आणि भारतातून आणलेला टीव्ही इथल्या एटीएससी या डिजिटल पद्धतीचा सिग्नल पकडणार नाही, वेगळा ट्यूनर बॉक्स लागेल.

सव्वासात

अँटेना शक्य नसेल त्यांच्यासाठी आणखी एक. बऱ्याच पॅकेजात पूर्वेच्या अमेरिकन चॅनेलांच्या संचासोबत पश्चिम किनाऱ्यावरच्या सिएटलच्या चॅनेलांचा संचही असतो. टोरांटोत सिएटलची ८ ची मालिका रात्री ११ ला दिसते. त्या वेळी टोरांटोच्या स्टेशनवर बातम्या, मग सिमसब होणार कशाचं? मालिकांना हे चालतं. थेट सामन्याला उपयोग शून्य, तो सगळीकडे एकाच क्षणी असतो.

इंटरनेटवरच्या थेट प्रसारणाला सिमसब लागू नाही, पण खूश होऊ नका. तिथे हक्कांच्या हद्दी सरळ कुलूप लावून पाळतात.

मुसळधार

शेवटचं विचारतो. शेवट कापला गेला तर तक्रार कशी करावी की दाद लागेल?

तांब्याची_तार

'अमेरिकन जाहिराती दिसल्या नाहीत' अशी तक्रार करू नका. ती तक्रार नव्हे, नियमच तो आहे. तक्रार चुकीची करायची: कार्यक्रमाचा भाग गेला, सारखा नसलेला कार्यक्रम वर आला, एचडीच्या जागी धूसर चित्र आलं, आवाज किंवा सबटायटल गेले.

लिहून ठेवा: चॅनेलचा क्रमांक, अमेरिकन स्टेशनचं नाव, कोपऱ्यात कुणाचा लोगो होता, तारीख, आणि बदल झाला ती वेळ मिनिटासकट. '९ च्या सुमारास' लिहिलं की उत्तर ठरलेलं: आमच्या नोंदीत काही आढळलं नाही. '२०:५८ ला बदल, २१:०३ ला परत' लिहिलं की त्यांना स्विचरची नोंद काढावी लागते. घड्याळ मोबाइलचं धरा. रेकॉर्डिंग असेल तर पडद्याचे दोन फोटो, बदलाच्या आधीचा आणि नंतरचा.

आधी केबल कंपनीला लिहा, प्रत स्टेशनला पाठवा. चूक दोघांपैकी कुणाचीही असू शकते. स्टेशनने नवी वेळ कळवलीच नाही, किंवा कळवली आणि वितरकाने भरली नाही. एकालाच विचारलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर दोन्ही पत्रं जोडून सीआरटीसीकडे.

२०१५ च्या धोरणाने तिथे थोडे दात आणलेत: वारंवार मोठ्या चुका करणाऱ्या स्टेशनचा सिमसबचा हक्क काही काळ काढून घेता येतो, आणि चूक वितरकाची असेल तर ग्राहकांना पैसे परत करायला लावता येतात. 'वारंवार' हा शब्द महत्त्वाचा. म्हणून एका रविवारची चिडचीड पाठवण्यापेक्षा चार रविवारांच्या वेळा एकत्र पाठवा.

मुसळधार

वही काढली. येत्या रविवारपासून सुरू.

खवचट_काकू

सामना बघायचाही लक्षात ठेवा म्हणजे झालं.